लव्ह अँड रॉकेट्स: मॅगी आणि होपी स्वतःला कधीच काही म्हणवून का घेत नाहीत?

स्ट्रॉबेरीचं_शेत
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डच्या शेजारी राहतो. सगळा स्ट्रॉबेरीचा पट्टा, सकाळी ऑफिसला जाताना वाकून फळं खुडणारे मेक्सिकन मजूर रोज दिसतात. तर आमच्या लेकीने (वय १७) लायब्ररीतून लव्ह अँड रॉकेट्स या मालिकेतली हायमे हर्नांडेझची दोन जाडजूड कॉमिक्स आणली, मॅगी द मेकॅनिक आणि द गर्ल फ्रॉम हॉपर्स, आणि वाचून झाल्यावर टेबलावर ठेवून दिली. मी सहज उचलली आणि दोन रात्री जागून संपवली. हर्नांडेझ भाऊ ऑक्सनार्डचेच आणि त्यातलं हॉपर्स गाव म्हणजे जवळपास हेच गाव, हे मला नंतर कळलं.

आता प्रश्न. मॅगी आणि होपी एकत्र राहतात, एका गादीवर झोपतात, भांडतात, एकमेकींवर जीव टाकतात, पण मॅगी मधेच पुरुषांच्याही प्रेमात पडते आणि या सगळ्याला नाव काय ते कुणी बसून सांगतच नाही. मेक्सिकन असण्याचंही तेच, घरात, बोलण्यात, रस्त्यावर सगळीकडे ते आहे पण "आम्ही चिकानो" (म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) असं भाषण कुणी ठोकत नाही. मला आधी हे फार आवडलं, मग वाटायला लागलं की लेखक अवघड बोलणं टाळतोय का? लेकीला विचारलं तर म्हणाली, आई तुला नाव द्यायची एवढी घाई का. तुम्हाला काय वाटतं? पुढची गोष्ट कळली तरी चालेल.

शाईचाडाग
धागा वाचून फार आनंद झाला, यावर मराठीत कुणी बोलताना मी पाहिलं नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगतो. मारिओ, गिल्बर्ट आणि हायमे हे तिघे भाऊ, वडील मेक्सिकन, घरात कॉमिक्सचा ढीग आणि आईलाच कॉमिक्सचं वेड. १९८१ ला पहिला अंक स्वतःच्या पैशाने छापला, १९८२ पासून फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने काढायला घेतला. त्या वेळचं अमेरिकन कॉमिक म्हणजे मुख्यतः सुपरहिरो आणि त्यात मेक्सिकन माणूस असलाच तर गुंड नाहीतर नोकर. त्या काळात दोन ब्राऊन पोरी पंक शो बघतात, भाडं थकवतात, एकमेकींना मिठी मारतात, एवढं साधं रोजचं जगणं पानावर आणणं हीच मोठी गोष्ट होती. त्या स्वतःची ओळख करून देत नाहीत कारण हॉपर्समध्ये त्याची गरजच नाही हो, तिथे सगळेच तसे आहेत! आपण आपल्या गल्लीत "मी मराठी" असं सांगत फिरतो का?

नावांकडे बघा. होपीचं खरं नाव एस्पेरांझा, म्हणजे आशा, आशाचं इंग्रजीत होप आणि त्याची होपी. आडनाव मात्र ग्लास, कारण बाप स्कॉटिश वंशाचा आणि आई कोलंबियन. मॅगी म्हणजे मार्गारिता लुईसा चास्कारियो, आणि घरचे तिला पेर्ला म्हणतात. म्हणजे कुणाच्या तोंडी कुठलं नाव येतं यावरून आपण कुठल्या घरात उभे आहोत ते कळतं.

आणि तुम्ही अजून तिसरं पुस्तक वाचलेलं नाही, पेर्ला ला लोका. त्यात विग वॅम बॅम नावाची दीर्घकथा आहे, १९९० च्या सुमाराची. त्यात दोघी घरापासून लांब, अनोळखी गोऱ्या लोकांच्या पार्टीत असतात आणि तिथे मेक्सिकन लोकांबद्दल काहीतरी लागेल असं बोललं जातं. मॅगीला ते आत कुठेतरी जाऊन लागतं, होपी मात्र त्याचं फारसं काही वाटून घेत नाही, आणि मग मॅगी तिला सुनावते की तुला काय, तुझं अर्धं रक्त तू सोयीप्रमाणे बंद करून ठेवू शकतेस. आठ-नऊ वर्षं जे बोललं गेलं नाही ते तिथे बाहेर पडतं. आणि त्यानंतर हायमे दोघींना खूप काळ एकमेकींपासून लांब ठेवतो. त्यामुळे टाळलंय असं मला अजिबात वाटत नाही, त्याने ते योग्य जागेसाठी राखून ठेवलं होतं. आधी कुणी भाषण दिलं असतं तर हे पान एवढं जिव्हारी लागलं नसतं.

पाटीपेन्सिल
शाईचाडाग, पार्टीच्या पानाबद्दल सहमत. पण "गरजच नाही" हे मला पटत नाही, ज्याला गल्लीनेच बाहेर काढलंय त्याने काय करायचं?

इव्हान व्हेलेझ ज्युनिअर, ब्रॉंक्सचा पोर्तोरिकन माणूस, १९८७ पासून टेल्स ऑफ द क्लोझेट हे कॉमिक काढत होता, गे आणि लेस्बियन शाळकरी मुलांवर, आणि ते छापत होती न्यूयॉर्कची हेट्रिक-मार्टिन इन्स्टिट्यूट, जी अशाच मुलांसाठी काम करते. ते एड्सचं दशक होतं. तिथे पात्राने मोठ्याने "मी गे आहे" म्हणणं हे वाचणाऱ्या पोराला जगायला आधार देणारं होतं, तिथे सूचक राहून कसं भागेल?

दुसरं, हायमे कोर्टेझचं सेक्साइल (हा हायमे वेगळा), २००४ चं, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत. क्युबात जन्मलेल्या आदेला वास्केझ या ट्रान्स कार्यकर्तीची खरी कहाणी आहे. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक क्युबातून अमेरिकेला आले, त्यात सरकारला नकोसे असलेले समलैंगिक लोक होते आणि आदेलाही त्यातलीच. म्हणजे बघा, देश सोडून जायची परवानगी कशावर, तर तुम्ही "तसे" आहात यावर. तिथे लेबल सरकारनेच कपाळावर मारलेलं असतं, मग ते आपल्या हातात घेऊन आपल्या शब्दांत सांगणं हाच एक मार्ग उरतो. तिसरं क्रिस्टी रोडचं स्पिट अँड पॅशन, २०१२, मायामीतल्या क्युबन घरातली बारा वर्षांची मुलगी, मनातलं कुणाला सांगता येत नाही आणि ग्रीन डे या बँडची गाणी ऐकून तग धरते. तुमच्या लेकीला हे नक्की द्या.

नीरजा_म
सगळं छान चाललंय पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही, हायमे आणि गिल्बर्ट दोघेही पुरुष आहेत आणि बायका काढताहेत.

मला गिल्बर्टचं पालोमार जास्त जवळचं आहे. सीमेच्या दक्षिणेला कुठेतरी असलेलं, टेलिफोन नसलेलं गाव, आणि त्यात बाहेरून आलेली लुबा, लोकांना आंघोळ घालून पोट भरणारी, हातात हातोडा, वेगवेगळ्या पुरुषांपासून झालेली मुलं. तिची छाती इतकी अवाढव्य काढलीय की पहिल्यांदा वाचताना मी पुस्तक मिटलं होतं, खरंच राग आला होता. परत उघडलं ते कुणीतरी पॉयझन रिव्हर वाच म्हणाल्यावर. त्यात लुबाचं बालपण आहे, आई गोरीगोमटी देखणी, खरा बाप गरीब इंडियन (म्हणजे तिकडचा मूळ रहिवासी) मजूर, आणि त्या सावळ्या बाळामुळे आईचं श्रीमंत संसारातलं स्थान संपतं. म्हणजे ज्या शरीराकडे आख्खं गाव बघतं त्याच शरीरावर तिची जात-वंशाची गोष्ट लिहिलेली आहे. यामुळे त्या चित्रांना मी माफ केलंय असं नाही, काही पानं मला अजूनही खटकतात. पण लुबाला मी आता ओळखते, आणि ती मला दाखवायची वस्तू वाटत नाही.

पालोमारमधल्याच तोनांत्झिनचंही सांगते. अॅझ्टेक देवीचं नाव असलेली, तळलेल्या गोगलगाई विकणारी पोरगी. तुरुंगातल्या एका माणसाची पत्रं वाचून तिला आपल्या मूळच्या इंडियन असण्याची जाणीव होते, ती पूर्वजांसारखे कपडे घालायला लागते, गाव हसतं, आणि शेवटी ती स्वतःला जाळून घेते. ओळख मोठ्याने सांगणारं पात्र या भावांनी काढलंच नाही असं नाही हो, काढलं आणि तिचं काय झालं तेही दाखवलं. मी ते पान वाचून दिवसभर कुणाशी बोलले नव्हते.

मॅगीकडे परत येते. ती पानागणिक जाड होत जाते, म्हातारी होत जाते, चाळीस वर्षं झाली, आणि हायमे तिला तितक्याच प्रेमाने काढतो. बाईच्या वाढत्या पोटाकडे इतक्या मायेने बघणारं दुसरं कॉमिक मला माहीत नाही.

भाषांतरवाली
नीरजा, +१ मॅगीबद्दल.

माझा मुद्दा भाषेचा आहे. हायमे स्पॅनिश बोलणं इंग्रजीतच लिहितो पण त्याभोवती < > असे कोनी कंस टाकतो, म्हणजे वाचकाला कळतं की इथे घरची भाषा सुरू झाली. आता हे मराठीत आणायचं म्हटलं तर गंमत बघा. इंग्रजीत "आय वेंट" म्हणालं की बोलणारा बाई की बुवा कळत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, मी गेलो की मी गेले. स्पॅनिशमध्ये क्रियापद नाही पण विशेषणं तशीच, थकलेला वेगळा आणि थकलेली वेगळी. सेक्साइलची चार पानं मी घरी करून बघितली तर आदेलाच्या लहानपणीच्या प्रसंगात अडकले. ती आता मागे वळून सांगतेय म्हणून मी सगळीकडे "गेले, आले" असंच ठेवलं, आजूबाजूची माणसं मात्र तिला "आलास, गेलास" म्हणतात. तेवढ्या एका फरकाने त्या पोरीचं एकटेपण मराठीत आपोआप उभं राहिलं, वेगळं काही लिहावं लागलं नाही.

स्ट्रॉबेरीचं_शेत
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. स्पिट अँड पॅशन आणि पालोमार लायब्ररीत राखून ठेवलंय.

काल पेर्ला ला लोका आणलं आणि पार्टीचा प्रसंग वाचला, मग तसाच उघडा लेकीपुढे धरला. तिने तो आधीच वाचलेला होता. म्हणाली, मागच्या वर्षी शाळेच्या सहलीत एका मुलीने हिच्या डब्याच्या वासावरून काहीतरी बोललं होतं आणि सगळे हसले होते, आणि हिची जी अगदी जवळची मैत्रीण, जिचे वडील पंजाबी आणि आई गोरी, ती खिडकीबाहेर बघत बसली होती. वर्ष झालं, मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं मग तू तिला काही बोललीस का, तर नाही म्हणाली, मॅगी बोलली पण मला नाही जमलं.

ती मैत्रीण अजून दर शनिवारी आमच्याकडे येते, पोहे खाते. मला काय करावं कळत नाहीये, तूर्तास पुस्तक आठवडाभर वाढवून घेतलंय.