उरलेल्या प्लास्टिक पेंटला बुरशी आली, काय घालू? (बडोदा)

मांजलपूरकर: बैठकीचा उरलेला रंग पावसाळाभर ठेवला होता. आज झाकण काढलं तर वर काळे-हिरवे ठिपके, कडेला पांढरी लव. रंगारी रविवारी येतोय, दिवाळीआधी जिन्याला हात मारायचाय. आता त्यात काय घालू आणि पुढे बुरशी येऊ नये म्हणून काय करू, एवढंच सांगा. फिनेल चालेल का?

रावपुरा_हार्डवेअर: फिनेल नको. आधी हे सांगा: डिस्टेंपर की इमल्शन? डबा पत्र्याचा की प्लास्टिकचा? किती उरलाय? त्यात पाणी घातलं होतं का? वास कसा येतो?

मांजलपूरकर: इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंटच. प्लास्टिकची बादली. दिवाळी तोंडावर आली आहे, उपाय सांगा ना.

वाडीवाला: चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून घाला. बुकबाइंडिंगच्या खळीत घालतातच की, खळ टिकते.

कोटिंगवाला: वाडीवाला, खळ वेगळी आणि अॅक्रिलिक इमल्शन वेगळं. मोरचूद हा तांब्याचा क्षार, त्यानं इमल्शन फाटतं, गुठळ्या होतात, शिवाय पांढऱ्या रंगावर निळसर झाक येते. ब्लीचही कोणी सुचवू नका. रंगात पीएच (आम्ल-अल्कलीचं प्रमाण) राखायला बरेचदा अमोनिया असतो, त्यात ब्लीच पडलं की घातक वायू सुटतो.

अलकापुरी_ताई: बुरशीला ब्लीचच लागतं हो! एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. स्पंजनं लावून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग अँटीफंगल सोल्युशन आणि प्रायमर. त्याआधी गळकी पाइप शोधा.

मांजलपूरकर: ताई, बुरशी भिंतीवर नाही, बादलीत आहे.

कोटिंगवाला: दादा, पाणी घातलं होतं की नाही? तुम्ही अजून सांगितलेलं नाही आणि सगळं त्यावरच अडलंय.

मांजलपूरकर: घातलंच असणार, पाण्याशिवाय लावतात का? रंगाऱ्यानं ट्रेमधला उरलेला परत बादलीत ओतला. निम्मी बादली आहे. वास आंबूस, ढवळलं तर पाण्यासारखा पातळ.

कोटिंगवाला: मग उत्तर मिळालं. कंपनी डब्यात जंतुनाशक घालते, पण त्याची मात्रा मूळ रंगाच्या हिशेबानं असते. लीटरला ४००-५०० मिली पाणी पडलं की ती तेवढीच विरळ होते. वर टाकीच्या पाण्यातले, ब्रशवरचे आणि भिंतीच्या धुळीतले जंतू आत जातात. रंग दाट राहावा म्हणून त्यात सेल्युलोजचं थिकनर असतं. जिवाणूंची विकरं (एन्झाइम) ते तोडतात, म्हणून रंग पातळ झाला. आंबूस वास त्यांच्याच आम्लांचा. पीएच पट्टी बुडवून पाहा: चांगल्या रंगाचा ८ ते ९ च्या आसपास असतो, तुमचा ७ किंवा त्याखाली निघेल. दिसणारी बुरशी वरची आहे, नासाडी आतपर्यंत गेली आहे. पातळ केलेला रंग २४ तासांत संपवा असं लेबलवर लिहितात ते याचसाठी.

वाडीवाला: एवढा रंग टाकून द्यायचा? वरचा थर काढायचा, नायलॉनच्या कापडातून गाळायचा, जिन्याला चालतो. जिना काय बैठक आहे?

कोटिंगवाला: पाणी न घातलेल्या घट्ट रंगावर एखाद-दुसरा ठिपका असेल आणि वास नसेल, तर मास्क लावून थर काढून गाळणं मी समजू शकतो. आंबलेला रंग मात्र गाळून सुधरत नाही. थिकनर गेलं की तो ओघळतो, झाकत नाही आणि वाळल्यावरही वास राहतो. जिन्यात हवा कमी खेळते, तिथे तर नकोच.

रावपुरा_हार्डवेअर: सहमत. बादलीवरच्या स्टिकरवरून शेड कोड आणि बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) लिहून घ्या, मशीनवर एक-एक लीटरचे डबे बनवून घ्या. दोन हातांत लीटरला साधारण ६०-७० चौरस फूट धरा. नव्या-जुन्या शेडमध्ये थोडा फरक पडतोच, म्हणून भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच रंगानं करा.

मांजलपूरकर: ठीक, नवा आणतो. पण तो उरला तर ठेवायचा कसा, तेच विचारतोय पहिल्यापासून.

फतेहगंज_रंगकाम: डबा उलटा ठेवा. झाकणाला आतून रंगच सील करतो, हवा जात नाही.

रावपुरा_हार्डवेअर: पत्र्याच्या डब्याला एक वेळ चालेल. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण एकदा उचकटलं की उलटी ठेवल्यावर गळते. शिवाय आतली हवा आतच राहते, फक्त तळाशी जाते.

फतेहगंज_रंगकाम: निदान साय तरी झाकणाखाली येत नाही.

कोटिंगवाला: सायीसाठी ठीक, बुरशीसाठी उपयोग नाही. दादा, असं करा. काम सुरू करण्याआधीच लागेल तेवढा रंग स्वच्छ, कोरड्या मगनं वेगळ्या बादलीत काढा आणि पाणी तिथेच घाला. मूळ डब्यात ब्रश बुडवायचा नाही, ट्रेमधला रंग परत ओतायचा नाही. उरलेला घट्ट रंग लहान, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत गळ्यापर्यंत भरा. बरणी आधी गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. ओली राहिली तर तिथूनच सुरुवात होते. रंगाच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण लावा. झाकणाच्या खाचेतला रंग आधी पुसा, नाहीतर ते नीट बसत नाही. वर शेड कोड, बॅच आणि तारीख लिहा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. दिवसा तापतं, रात्री निवतं, झाकणाखाली पाणी सुटतं आणि तेच थेंब बुरशीला पुरतात. जिन्याखालचं कोरडं कपाट बरं, फळी जमिनीपासून वर.

वाडीवाला: कंपनीचं ते औषध सुटं मिळत नाही का?

कोटिंगवाला: मिळतं, पण घरी नको. अंगावर सांडलं तर त्वचेला अॅलर्जी होऊ शकते. मात्रा लीटरमागे एक-दोन ग्रॅम, ती अंदाजानं पडत नाही. आणि आंबलेल्या रंगात घातलं तर जंतू मरतील, तुटलेलं थिकनर परत येणार नाही.

अलकापुरी_ताई: २०२४ च्या पुराचं पाणी शिरलेले डबे कोणाकडे असतील तर तेही काढा.

मांजलपूरकर: आणि ही बादली? गटारात ओतू?

रावपुरा_हार्डवेअर: अजिबात नाही, पावसाळी गटारं विश्वामित्री नदीलाच मिळतात. मास्क लावा, रंगात भुसा किंवा वाळू मिसळा, घमेल्यात पातळ थर पसरून उघड्यावर वाळू द्या. दगडासारखा झाला की पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत.