शब्दचर्चा : शिक्षणाचे ‘धोरण’ की शिक्षणाची ‘नीती’?

मलप्रभाकाठ :
कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या मराठी शाळांमधील आम्ही काही शिक्षिका महिन्यातून एकदा एकत्र बसून शिक्षणविषयक वाचन करतो. या खेपेसाठी मी युनेस्कोच्या १९६० सालच्या, शिक्षणातील भेदभावाविरुद्धच्या करारातील पाचव्या कलमाचा अनुवाद करीत आहे. अल्पसंख्य समूहांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क आहे, हे ते कलम मान्य करते. स्वतःच्या भाषेचा वापर किंवा अध्यापन मात्र ‘प्रत्येक राज्याच्या शैक्षणिक धोरणावर अवलंबून’ ठेवते. हे वाक्य मी वाचून दाखवताच, कन्नड माध्यमातून शिकलेल्या एका सहकारी बाईंनी मला थांबवले. कन्नडमध्ये ‘धोरणे’ म्हणजे वृत्ती, पवित्रा. सरकारच्या ‘धोरणे’विरुद्ध मोर्चा निघतो तेव्हा निषेध कागदाचा नसतो, वागण्याचा असतो, असे त्यांनी सांगितले, आणि मी ‘नीती’ लिहावे असे सुचवले. मला मात्र ‘नीती’ म्हटले की गोष्टीच्या शेवटचे तात्पर्य आठवते. आमच्या मुलांची भाषा ज्या शब्दावर टांगलेली आहे, तो मला चुकवायचा नाही. जाणकारांनी मत द्यावे.

टिळकवाडीकर :
बाई, आपण ‘धोरण’च ठेवावे. राज्यघटनेच्या चौथ्या भागाचे मराठी नाव ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’ असे आहे. त्याच जागी हिंदीने आणि कन्नडने ‘नीती’ घेतली, मराठीने घेतली नाही, आणि ते योग्यच झाले, कारण नीतीत चांगल्या-वाईटाचा निवाडा असतो, तर धोरणात पुढचे पाहून ठरवलेली दिशा असते. संस्कृतात ‘धोरण’ म्हणजे वाहन किंवा घोड्याची चाल, आणि ‘धोरणि’ म्हणजे मध्ये न तुटणारी ओळ. माझी समजूत अशी आहे की मराठीतील अर्थ या दोहोंच्या मिलाफातून आला असावा : एका लयीत, खंड न पडता पुढे जाणे. माझे वडील पावसाचे धोरण बघून तरवा टाकत असत. ढग बघायचे, मृगाचे दिवस मोजायचे, बियाण्याची पोती हाताने चाचपायची, आणि मगच वाफ्यात उतरायचे. शाळेचा विचार करणाऱ्याकडून मला हीच अपेक्षा आहे. हिंदीतील ‘शिक्षा नीति’ तशीच्या तशी मराठी पत्रकात छापलेली मी पाहिली आहे, आणि ते पाहून जीव तुटतो. ज्या दोन भाषांमध्ये ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षे’ म्हणजे दंड, त्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांनी त्यातून काय समजावे?

निपाणीकर :
मी हायस्कूलमध्ये तीस वर्षे मराठी आणि कन्नड दोन्ही शिकवले. टिळकवाडीकर सरांची व्युत्पत्ती मनाला भावते, पण ‘खंड न पडता’ हे शब्द अनुभवाला उतरत नाहीत. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कर्नाटकाने २०२१मध्ये स्वीकारले आणि पदवी चार वर्षांची झाली. २०२३मध्ये राज्याने स्वतःच्या धोरणासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि २०२४मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांवर आली. माझी नात चार वर्षांच्या हिशेबाने महाविद्यालयात गेली आणि तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांच्या. एकाच घरात, एकाच जेवणाच्या पाटावर दोन पदव्या! याला मी घोड्याची चाल कशी म्हणू? बाईंच्या सहकाऱ्यांनी सांगितलेला कन्नड अर्थच मला इथे अधिक खरा वाटतो. शिवाय आमच्याकडे परिपत्रके कन्नडमध्ये येतात, त्यांत ‘शिक्षण नीति’ असते, आणि शिक्षक आपसात बोलताना तोच शब्द वापरतात. जो शब्द रोज कानावर पडतो, तो परका कसा? ‘युद्धनीती’, ‘कूटनीती’ या शब्दांत कोणते तात्पर्य आहे?

टिळकवाडीकर :
सर, धोरण वरचेवर बदलले हा धोरण आखणाऱ्यांचा दोष झाला, शब्दाचा नव्हे. उद्या ‘राजकारण’ सोडून ‘राजनीती’ म्हणा, असेही कोणी सांगेल. सीमेवर राहणाऱ्यांनी तर शब्द अधिक जपले पाहिजेत, कारण इथे एक शब्द गेला तर तो परत आणून देणारे शेजारी कोणी नाही.

येळ्ळूर शिवार :
मी वकिली करतो, म्हणून बाईंच्या वाक्यातील आधीच्या शब्दाकडे लक्ष वेधतो. आंतरराष्ट्रीय करारात ज्याला ‘प्रत्येक राज्य’ म्हटले आहे, ते म्हणजे सार्वभौम देश. आपण ‘राज्य’ लिहिले की बेळगावातला वाचक कर्नाटक समजणार, आणि मग त्या कलमाचा अर्थच फिरतो. याउलट घटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात ‘राज्य’ म्हणजे खरोखर घटक राज्य : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण देण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि त्यातील स्थानिक संस्थांनी करावयाचा आहे. हा अनुच्छेद १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, म्हणजे ज्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले त्याच वर्षी. तिथे ‘धोरण’ही नाही आणि ‘नीती’ही नाही, ‘सोयी’ आहे. कोर्टात मला तो साधा शब्द अधिक उपयोगी पडतो. पुढे १९७६मध्ये शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत गेले. तेव्हा ‘देशाचे धोरण’ म्हटले तरी ते नेमके कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

अंगणवाडी ताई :
शब्द सीमा ओलांडतात याचे उदाहरण माझ्या कामाच्या नावातच आहे. ताराबाई मोडक बोर्डीत मुलांच्या अंगणात जाऊन शिकवू लागल्या, त्यातून ‘अंगणवाडी’ आली. कन्नडमध्ये अंगणाला ‘अंगळ’ म्हणतात, तरी तिकडेही ‘अंगनवाडी’च रुळली. ‘धोरण’ही असेच आपल्याकडून तिकडे गेले असावे आणि जाताना अर्थ बदलून बसले असावे, असे मला वाटते. पण मला वेगळेच विचारायचे आहे. दक्षिण कोरियातील इंचॉन येथे भरलेल्या जागतिक शिक्षण परिषदेच्या २०१५च्या जाहीरनाम्यात किमान एक वर्षाच्या मोफत आणि ‘सक्तीच्या’ पूर्वप्राथमिक शिक्षणाला उत्तेजन दिले आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या संदर्भात ‘सक्ती’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. आमच्या दारात आईच्या पदराला घट्ट धरून उभे असलेले मूल मी रोज पाहते. त्याच्याशी आधी गाणे म्हणावे लागते, मग ते पदर सोडते.

येळ्ळूर शिवार :
ताई, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सक्ती मुलावर नाही. शिक्षण उपलब्ध करून देण्याचे, मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता होईल हे पाहण्याचे बंधन शासनावर आहे.

निपाणीकर :
कायद्यात तसे असेल, पण बेळगावात ‘सक्ती’ म्हटले की ‘कन्नडसक्ती’ हाच शब्द आधी आठवतो. कन्नडमधील ‘कड्डाय’ला आपल्याकडे ‘बंधनकारक’ म्हणावे.

टिळकवाडीकर :
‘बंधनकारक’ने प्रश्न सुटत नाही, कारण बंधन कोणावर हे त्यातही कळत नाही. ‘शासनावर बंधनकारक’ असे पूर्ण लिहावे लागेल.

मलप्रभाकाठ :
सर्वांची ऋणी आहे. वकीलसाहेबांच्या सूचनेवरून ‘राज्य’ काढून ‘राष्ट्र’ लिहिले आहे. ‘धोरण’ तूर्त ठेवले आहे, पण सहकारी बाईंनी त्यावर पेन्सिलीने ‘नीती’ लिहून दिले आहे आणि मी ते खोडलेले नाही. पुढच्या बैठकीला ताईंनी इंचॉनचे वाक्य घेऊन खानापूरला यावे, अशी विनंती आहे. ‘सक्ती’ला आणखी कोणाला शब्द सुचला, तर रविवारपूर्वी कळवावा.