मदत हवी आहे: मुलगी उंच म्हणून कायम रिंगखालीच उभी

वडगावची आई

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. मुलगी आठवीत आहे, तेरा पूर्ण. उंची ५ फूट ७ इंच. सहावीत असताना पीटीच्या सरांनी उंची बघूनच तिला वर्गातून उठवून बास्केटबॉलला नेलं. यंदा तालुका जिंकले, जिल्ह्याला हरले.

सर मनापासून करतात, पण खो-खो, थ्रोबॉल, पळणं सगळं त्यांच्या एकट्याच्याच गळ्यात. हिला दोन वर्षांत एकच सांगितलंय, रिंगखाली थांब, हात वर ठेव, बॉल आला की टाक. बाकीच्या मुली हिच्या खांद्याला लागतात, त्यामुळे पॉइंट होतात आणि सगळे खूश. जिल्ह्याच्या मॅचला मात्र समोर हिच्याएवढीच एक आली. बॉल हिच्या हातात, दोघी अंगावर, आणि ही बाजारात पर्स धरावी तसा बॉल पोटाशी धरून उभी. ना ड्रिबल (बॉल आपटत नेणं), ना पास. नुसता धरून पाच सेकंद झाले म्हणून शिट्टी झाली, बॉल समोरच्यांकडं गेला. असं चारदा. टेम्पोतून परत येताना म्हणाली, "आई, मला खेळायला येतच नाही गं. मी नुसती उंच आहे."

आणखी एक. आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. गेल्या गणपतीची आणि यंदाची खूण जवळजवळ एकावर एक. म्हणजे उंचीही थांबली की काय?

घरी रिंग नाही. गच्चीवर बॉल आपटला की खालचे वर येतात. मागच्या बाजूला दिवसभर माग खटखटतात ते चालतं, आमच्या बॉलनं मात्र त्यांचं डोकं दुखतं. असो. दीर म्हणतात, क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीला बसवा. माझा भाऊ म्हणतो, कोल्हापूरला पाठव. मला काहीच सुचेना झालंय. जाणकारांनी सांगा.

तिसरं गेट

ताई, मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलोय, आता रविवारी पोरांना शिकवतो. तुमच्या मुलीला तेराव्या वर्षी जे कळलं ते मला विशीत कळलं. मीही असाच रिंगखालचा खांब. कॉलेजला गेलो तर माझ्या उंचीचे गार्ड होते, बॉल पुढं आणणारे!

उलटं उदाहरण सांगतो. एनबीएतला (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अँथनी डेव्हिस हायस्कूलला सव्वासहा फुटांच्या आसपास होता आणि गार्ड खेळायचा, म्हणजे बॉल घेऊन पुढं येणं, पास देणं, लांबून शॉट मारणं. मग दीड-दोन वर्षांत एकदम वाढला, पार ६ फूट १० इंचांपर्यंत. हात मात्र गार्डचेच राहिले. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यांत पहिला तोच निवडला गेला. तुमच्याकडं उंची आधी आली आणि हात मागं राहिलेत. तेराव्या वर्षी भरून निघतं की.

आधी बॉल बघा. शाळेत बहुतेक ७ नंबरचा असणार, तो पुरुषांचा. मुलींचा ६ नंबर, घेर एक इंचानं कमी, वजनालाही हलका. मोठ्या बॉलनं मुली कमरेपासून दोन्ही हातांनी फेकायला शिकतात आणि ती खोड लवकर जात नाही. (एनबीएतल्याच स्टीफन करीचासुद्धा शॉट शाळेत असताना खालून सुटायचा. वडील स्वतः एनबीए खेळलेले, त्यांनी अख्खी सुट्टी घालवून तो डोक्याच्या वर नेला.)

रिंगपासून तीन-चार फुटांवर उभं करून एका हातानं शॉट. दुसरा हात बाजूला नुसता टेकलेला. कोपर बॉलखाली, शेवटी मनगट असं मोडायचं की बोटं रिंगमध्ये घातल्यासारखी दिसली पाहिजेत. ओळीनं दहा पडले की एक पाऊल मागं. फ्री थ्रोची (फाउलनंतर मोकळा शॉट मारायची) रेघ बोर्डापासून ४.६० मीटरवर असते. तिथपर्यंत यायला पावसाळा सरेल, सरू दे.

ड्रिबल शाळेतच, सुटल्यावर वीस मिनिटं. डाव्या हातानं जास्त, नजर वर. मी पोरांसमोर उभा राहून बोटं दाखवतो, ड्रिबल न थांबवता किती ते सांगायचं. घरात करायला पिव्होट. एक पाय फरशीला चिकटलेला, दुसरा फिरवायचा, बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. यात आवाज होत नाही, त्यामुळं खालचे वर यायचे नाहीत. पोटाशी धरायची सवय यानंच मोडेल, फिरून पास दिसायला लागेल.

सरांना सांगून सरावात तरी अर्ध्या कोर्टवर तीन-तीन जणींचा खेळ लावून घ्या. तिथं लपायला जागाच नसते, प्रत्येकीला बॉल हाताळावाच लागतो.

खानापूरची बाई

मीही पीटीच शिकवते. उंचीचं विचारलंय म्हणून सांगते. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी सगळ्यांत वेगानं वाढतात. पाळी सुरू झाल्यावर बहुतेकींची दोन-तीन इंचच वाढ उरते. तुमच्या मुलीची लवकर सुरू झाली असेल तर चौकटीवरच्या खुणांचं नवल नाही, आणि आज खांद्याला लागणाऱ्या काही जणी दोन वर्षांत बरोबरीला येतील. उंची वाढवायच्या पावडरींवर एक रुपया घालवू नका.

माझं लक्ष गुडघ्यांकडं असतं. सिमेंटच्या कोर्टवर तिला उडी मारायला लावा आणि समोरून मोबाइलवर शूटिंग करा. खाली येताना गुडघे एकमेकांकडं वळत असतील तर आधी ते सुधारायचं. मुलींच्या गुडघ्यातला लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा. वाटीच्या खालच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर उड्या कमी करा, डॉक्टरांना दाखवा.

वसतिगृहाच्या चाचणीला जरूर बसवा, पण तिथं विचारा की हिला कुठल्या जागेवर खेळवणार. नुसती उंची बघून घेतली तर परत रिंगखालीच. कोल्हापूरची घाई मला तरी पटत नाही.

वडगावची आई

दोघांचे आभार. बॉल पुसून बघितला, ७ च आहे. ६ नंबरचा आणतो रविवारी. व्हिडिओ काढला, डावा गुडघा आत येतोय. सरांशीही बोलले. ते हसून म्हणाले, "अहो, ही बॉल घेऊन पुढं आली तर रिंगखाली कोण?" यावर मला काही बोलता आलं नाही.

तिसरं गेट

म्हणावं, पाळीपाळीनं सगळ्याच.