जोडवी निघेनात तेव्हाचा बीपी आणि आत्ताचा

सिडकोकरीण:
२०१६ ला मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात पाय असे सुजले की जोडवी निघेनात. शेवटी नणंदेने साबण लावून, दोरा गुंडाळून काढली. बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन, त्याच रात्री सिझर. मुलगी १९०० ग्रॅमची. दोन महिन्यांत गोळ्या सुटल्या, डिस्चार्ज कार्ड कपाटात गेलं ते गेलंच. परवा सातपूरला कंपनीत तपासणी झाली, बीपी १४६/९४. म्हटलं जिना चढून आलेय. दहा मिनिटं बसवून परत बघितलं तर १४४/९२! वय ३९. सासूबाई म्हणतात टेन्शन घेतेस. मला मात्र ती जोडवी आठवतायत. संबंध असेल का?

पंचवटीची ताई:
असतो. लेबर रूमला सतरा वर्षं काढलीत मी. वार पडली की पुढे बीपी उतरतो, म्हणून सगळ्यांना वाटतं प्रकरण मिटलं. पण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला तेव्हा मार बसलेला असू शकतो. प्री-एक्लम्प्सिया, म्हणजे तुम्हाला झालं तसं गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाणं, हे झालेल्या बायकांना पुढे हार्टच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट, आणि कायमचा बीपी लागण्याचा तिप्पट-चौपट. सगळ्यांनाच होतो असं नाही हं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घरी बीपी मोजा, वहीत लिहा आणि फिजिशियनकडे जा. शुगर, कोलेस्टेरॉल आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघतील. बाळंतपणाचं तुम्ही आपणहून सांगा, बरेचदा कोणी विचारत नाही.

गंगापूर रोडवाला:
गोळी लगेच घेऊ नका, एकदा लागली की सुटत नाही. लसूण खा.

पंचवटीची ताई:
दादा, गोळी लागत नाही, बीपी लागतो. लसूण मिसळीत टाका, आणि सोबतचा पापड तेवढा सोडा.

सिडकोकरीण:
कार्ड सापडलं, शालूच्या घडीत! सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये. एक राहिलंच, धाकटी बहीण सिन्नरला असते, तिला तिसरा महिना आहे. तिला उगाच घाबरवू का?

पंचवटीची ताई:
घाबरवू नका, पण आजच फोन करा. सख्ख्या बहिणीला झालं होतं हे तिच्या डॉक्टरांना कळू द्या. गरज वाटली तर ॲस्पिरिनची बारीक गोळी देतात, ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू केलेली बरी. ते डॉक्टरच ठरवतील, तिने मनाने घेऊ नये.