मदत हवी आहे: मंजुरीची पायरी काढली, तरी टीम विचारतच राहते

महापे एमआयडीसीतली १४ जणांची सपोर्ट टीम, तीन शिफ्ट. ग्राहकाला ५,००० रुपयांपर्यंतचा परतावा शिफ्ट लीडने स्वतःच द्यायचा, मॅनेजरची मंजुरी लागणार नाही, असं ठरवलंय. नोंद मात्र त्याच दिवशी शीटमध्ये: रक्कम, कारण, कोणी दिला. आठवड्याला कुठल्याही पाच नोंदी तपासायच्या, सगळ्या नाही. सगळ्या तपासल्या तर मंजुरीच मागच्या दाराने परत आली.

तरी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, १,८०० देऊ का?’ येतंच. ‘हो, द्या’ म्हटलं की अधिकार पुन्हा वर सरकतो. गप्प बसलं तर ग्राहक ताटकळतो. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं उलट विचारलं, तर परीक्षा घेतल्यासारखं होतं. भीती पैशांची नसावी, चूक झाल्यावर चारचौघांत निघणाऱ्या वाभाड्यांची असावी.

चुकलेल्या नोंदीबद्दल एकट्याशी बोलावं, की नाव न घेता सोमवारच्या मीटिंगमध्ये? ऐरोली-ठाणे पट्ट्यात कोणी मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली आहे का, आधी १,०००, मग ५,०००? किती आठवड्यांनी? ‘टीमवर विश्वास ठेवा’ छापाचे सुविचार कृपया नकोत.