वृत्तवाहिनीचा खरा मालक कागदांत कुठे सापडतो?

चौकसबुद्धी:
एनडीटीव्ही अदानींकडे 'एका रात्रीत' गेली असं सगळीकडे छापून आलं होतं. बीएसईवर त्याआधीच्या तिमाहीचा भागधारणेचा तक्ता पाहिला, तर ६१ टक्क्यांवर वाटा संस्थापकांकडे दिसतो. मग ज्याच्या नावावर एकही शेअर नाही तो मालक होतो कसा? आणि मराठी वाहिनी किंवा दैनिकाबाबत हे आधी ओळखायचं तर कोणते कागद बघायचे?

ताळेबंद:
तक्ता खरा होता, तुम्ही एक मजला वर गेला नाहीत एवढंच. त्या ६१ मध्ये दोन गठ्ठे होते. प्रणय आणि राधिका रॉय यांच्या स्वतःच्या नावावर ३२.२६ टक्के, आणि त्यांच्या आरआरपीआर होल्डिंग या खासगी कंपनीकडे २९.१८ टक्के. गोम दुसऱ्या गठ्ठ्यात.

आरआरपीआरने बँकेचं कर्ज फेडायला २००९-१० मध्ये व्हीसीपीएल नावाच्या कंपनीकडून ४०३.८५ कोटी घेतले. बिनव्याजी. पैसा आला होता रिलायन्सशी संबंधित कंपनीतून. बदल्यात दिले वॉरंट, म्हणजे मनात येईल तेव्हा ठरल्या भावाने आरआरपीआरचे जवळजवळ सगळे शेअर मागून घ्यायचा हक्क. चारशे कोटी कोणी फुकट वापरायला देत नाही, तेव्हा खरं व्याज हेच.

ही मालकीच झाली, शेअरधारकांना खुला देकार (त्यांचे शेअर ठरल्या भावाने विकत घ्यायची जाहीर तयारी) द्या, असं शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने २०१८ मध्ये व्हीसीपीएलला सांगितलं होतं. अपील लवादाने जुलै २०२२ मध्ये तो आदेश रद्द केला. २३ ऑगस्टला अदानींच्या एएमजी मीडिया नेटवर्क्सने व्हीसीपीएलच ११३.७४ कोटींना विकत घेतली आणि वॉरंट वटवायला काढले. १९ लाख ९० हजार शेअर, दर १० रुपये, एकूण १ कोटी ९९ लाख. एवढ्यात आरआरपीआरचा ९९.५ टक्के ताबा!

पुढचं नियमाने झालं. वाटा २५ टक्क्यांवर गेला की आणखी २६ टक्क्यांसाठी खुला देकार द्यावाच लागतो. तो २९४ रुपयांना होता आणि बाजारभाव त्याच्या बराच वर, म्हणून ८.२७ टक्केच हाती लागले. तरी बेरीज ३७.४५, रॉय यांच्या ३२.२६ पेक्षा जास्त. डिसेंबरअखेर त्यांनीही ३४२.६५ च्या भावाने २७.२६ टक्के विकले. झाले ६४.७१.

थोडक्यात, शेअर कोणाचे हे नंतर बघा. देणं कोणाचं लागतं ते आधी.

जुनी_फाईल:
ताळेबंद यांचं बरोबर, पण ही वाट पहिलीच नव्हती. नेटवर्क १८ या वाहिन्यांच्या कंपनीतही रिलायन्सच्या ट्रस्टचा पैसा २०१२ ला परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाच्या) रूपात शिरला आणि २०१४ ला ताबा आला. 'न्यूज १८ लोकमत'मधली अर्धी भागीदारी त्यामुळे कोणाकडे गेली, ते समजून घ्या.

आता कागद. दैनिकासाठी वाचनालयात जुन्या मार्च महिन्यांची फाईल मागा. १८६७ च्या कायद्याखाली फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' ची चौकट छापावी लागे. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावं त्यात असतात. (तो कायदा मार्च २०२४ ला गेला, पण जुन्या अंकांची किंमत कायम आहे.) अडचण अशी की तिथे बऱ्याचदा 'अमुक प्रा. लि.' एवढंच सापडतं.

मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर जा. शंभर रुपयांत एका कंपनीचे कागद उघडतात. एमजीटी-७ या वार्षिक विवरणपत्रात भागधारक. एओसी-४ या फॉर्ममध्ये ताळेबंद, त्यात कर्जाच्या टिपा ओळ न् ओळ वाचा: 'परिवर्तनीय', 'वॉरंट', 'बिनव्याजी'. बहुतेक जण फक्त तारणाची नोंद बघतात आणि फसतात, कारण बिनतारण कर्ज तिथे येतच नाही. धनको कंपनी सापडली की तिचेही हेच दोन कागद काढा. माणसाचं नाव लागेपर्यंत चढत राहायचं.

चौकसबुद्धी:
दोघांचेही आभार. पण मालक कळला तरी बातमीवर परिणाम झाला हे कसं दाखवायचं?

जुनी_फाईल:
एका बातमीवरून काही सिद्ध होत नाही. मालकाचा हितसंबंध असलेला एकच विषय धरा. धारावी पुनर्विकास घ्या, ५,०६९ कोटींच्या बोलीवर तो अदानींकडे गेला आणि २०२४ पासून एनडीटीव्ही मराठीही आहे. महिनाभर तीन-चार माध्यमांची नोंदवही ठेवा: बातमी आली का, कितव्या पानावर किंवा किती मिनिटं, रहिवाशाचं म्हणणं होतं का, मालकीचा खुलासा होता का. चौथा रकाना फसवा आहे. खुलाशाची ओळ दिलेल्या बातमीखाली येते, गाळलेल्या बातमीचा पत्ता फक्त पहिल्या रकान्यात लागतो.

अर्जदार:
आणखी एक मालक राहिला: सरकारी जाहिरात. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये. आपल्याकडे महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यावर बोट ठेवून अर्ज परत येतात. 'अमुक दैनिकाला जास्त का दिलं' असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. 'अमुक आर्थिक वर्षात दैनिकनिहाय दिलेली रक्कम' एवढंच मागा. उत्तराला ३० दिवस. ते नाही आलं तर पहिलं अपील, तिथे शुल्क २० रुपये.