पेरू : माचू पिक्चूच्या अलीकडचे आणि पलीकडचे अनुभव

पेरूला जाऊन आलेले मराठी प्रवासी आता बऱ्याच घरांत भेटतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असलेल्या भारतीयांना 2017पासून पेरूचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, हे त्याचे एक कारण असावे. मात्र बहुतेक जण माचू पिक्चूचा, म्हणजे स्पॅनिश येण्यापूर्वीच्या इंका राज्यकर्त्यांच्या डोंगरावरच्या वस्तीचा, तो ठरलेला फोटो दाखवतात आणि तिथेच थांबतात. म्हणून हा धागा. त्या फोटोच्या चौकटीबाहेर काय पाहिले, काय खाल्ले, शरीराला काय झेपले, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो; * या खुणेनंतर पुढच्या सदस्याचा अनुभव सुरू होतो.

आमच्या प्रवास कंपनीने राजधानी लीमाहून विमानाने थेट कुस्कोला, इंकांच्या जुन्या राजधानीला, नेले आणि त्याच दुपारी शहर पाहायला बाहेर काढले. लीमा समुद्रकाठी, तर कुस्को सुमारे 3,400 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. आणि हा चढ विमान जेमतेम सव्वा तासात चढवते. उंचीवरच्या विरळ हवेमुळे संध्याकाळपर्यंत सौभाग्यवतींचे डोके इतके ठणकू लागले की जेवणाचे नाव नको झाले. हॉटेलात कोकाची, म्हणजे ज्यापासून कोकेन करतात त्या झुडपाची, पाने घातलेले गरम पाणी सतत तयार असते. ते बेताने प्यावे, पण पाने सोबत परत आणू नयेत, कारण तिथे जे सर्रास चालते ते बाहेर बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरते. खरा उपाय क्रमाचा आहे. विमानतळावरून गाडीने थेट उरुबाम्बाच्या खोऱ्यात उतरावे आणि ओयान्तायताम्बोला, सुमारे 2,800 मीटरवर, मुक्काम करावा; तिथूनच रेल्वेने माचू पिक्चू करावे, जे कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटर खाली आहे, आणि कुस्को शेवटी ठेवावे. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी कंपनीकडे हा बदल आग्रहाने मागावा.

*

मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे कुस्कोत माझा बहुतेक वेळ भिंतींपुढे गेला. हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत बारा कोनांचा एक प्रसिद्ध दगड आहे. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात आणि निघून जातात. थोडे थांबून सांध्यावरून नजर फिरवली, तर शेजारच्या प्रत्येक दगडाची कड त्याच्या कोनाप्रमाणे घडवलेली दिसते आणि फटीत नख शिरत नाही. चुना किंवा कसलाही गारा नाही. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांतही चुना नसतो, पण तिथे थर साधारण सरळ जातात. इथे प्रत्येक दगडाचा आकार निराळा, त्यामुळे हादऱ्याच्या वेळी सरळ तडा जायला वाटच मिळत नाही. शिवाय भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या आणि दारे वर निमुळती. याची परीक्षा 1950च्या भूकंपाने घेतली. इंकांच्या कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी मठ बांधला होता. त्या मठाची मोठी पडझड झाली आणि खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत. आज एकाच अंगणात दोन्ही बांधकामे शेजारी शेजारी पाहता येतात. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

*

आम्ही शाकाहारी, त्यामुळे निघण्यापूर्वी घरात थेपले आणि लाडूंचे डबे भरले गेले. त्यांतले निम्मे परत आले. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी : ‘मांस नको’ एवढेच सांगितले, तर कोंबडी येण्याची शक्यता दाट असते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे मांस, कोंबडी, मासे सगळे वेगवेगळे नाकारावे लागते. पापा आ ला वांकाइना नावाचा पदार्थ मला फार आवडला. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर चीज आणि पिवळ्या आही मिरचीची दाट चटणी ओततात, वर उकडलेले अंडे असते ते काढून टाकायला सांगता येते. मिरची सौम्य असते. रोकोतो मात्र ढब्बू मिरचीसारखी दिसते आणि घाम फोडते, तेव्हा सावध.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात बटाट्यांच्या राशींपुढे मी बराच वेळ उभी होते. जांभळे, काळपट, गुलाबी, बोटाएवढे लांबट, गाठीगाठींचे. विक्रेतीने एक जांभळा बटाटा सुरीने कापून आतली पांढरी कडी दाखवली आणि तो माझ्या हातात ठेवला. तिथेच लाह्या केलेला राजगिऱ्याचा भाऊबंद, किविचा, गोड वड्यांच्या रूपात मिळाला. आपण एकादशीला जे ताट वाढतो, त्यातला बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हे सगळे मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. आमच्या सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तिथे उपवासाची चिंता नाही.’

*

शेंगदाण्यावरून आठवले. उत्तर पेरूत लाम्बायेके येथे सिपानच्या राजाचे संग्रहालय आहे. मोचे संस्कृतीतली, म्हणजे इंकांच्या हजारेक वर्षे आधीची, ही कबर 1987मध्ये लुटारूंच्या हातून वाचली. राजाच्या गळ्यात शेंगदाण्याच्या शेंगांचा हार होता : उजव्या बाजूला दहा सोन्याच्या, डाव्या बाजूला दहा चांदीच्या. शेंगेवरच्या जाळीदार रेषासुद्धा धातूत उठवल्या आहेत. पर्यटकांची गर्दी दक्षिणेकडे असते, त्यामुळे इथे निवांत पाहता येते.

*

तितिकाका सरोवर 3,812 मीटरवर आहे आणि जूनमध्ये तिथली थंडी हाडांत शिरते. तोतोरा गवतावर तरंगणारी उरोस बेटे पाहिली. खरे सांगायचे तर मला तिथे अवघडल्यासारखे झाले, कारण गाणे, नावेतली फेरी आणि विक्री असा कार्यक्रम प्रत्येक बोटीसाठी पुन्हा होत असतो. त्यामानाने ताकिले बेट आवडले. तिथे विणकाम पुरुष करतात, आणि तेही चालता चालता; टोपीच्या रंगावरून लग्न झाले आहे की नाही ते कळते, पूर्ण लाल असेल तर विवाहित.

परतताना रस्त्याकडेच्या एका शेतावर चुन्यो बनताना पाहिले. लहान बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठू देतात, दिवसा उन्हात ते सैल पडले की कुटुंबातली माणसे अनवाणी पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात, आणि असे काही दिवस केल्यावर खड्यासारखे हलके, काळे बटाटे उरतात. ते वर्षानुवर्षे टिकतात. पीक बुडाले तर घरात हे असते, असे आमच्या वाटाड्याने सांगितले. चव मातकट आहे. मला आवडली नाही, पण ती थंडी सोसल्यावर त्यामागचे शहाणपण पटले.

*

वरचे सगळे मान्य करूनही माचू पिक्चूची बाजू मांडतो. पंधराव्या शतकाच्या मध्यावर इंका सम्राट पाचाकुतेकच्या काळात बांधलेल्या या वस्तीत सोळा कारंज्यांची एक रांग आहे. झऱ्याचे पाणी दगडी पाटाने आणून एकातून दुसऱ्यात उतरवले आहे. इतक्या पावसाच्या उतारावर वस्ती टिकली, त्याचे श्रेय पायऱ्यांच्या शेतांखाली भरलेल्या खडी-वाळूच्या निचऱ्याला जाते. शिवाय 1911मध्ये अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम पोहोचला, तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबे राहून पीक घेत होती, त्यामुळे ‘शोध लागला’ हे शब्द जपून वापरावेत. तिकीट ठरावीक वेळेचे आणि ठरावीक मार्गाचे असते. हवा तो मार्ग हवा असेल, तर पुष्कळ आधी आरक्षण करावे.

*

लीमाबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. वाळवंटात वसलेली राजधानी आहे. पाऊस जवळजवळ पडत नाही, पण जून ते ऑक्टोबर आकाश राखाडी असते आणि गारुआ नावाचे धुके अंगाला ओलसर लागते. मिराफ्लोरेस या उच्चभ्रू वस्तीच्या मधोमध वाका पुक्याना हा कच्च्या विटांचा प्रचंड चौथरा आहे. त्याच्या विटा कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या, मध्ये थोडी फट ठेवून लावल्या आहेत, जेणेकरून भूकंपात त्या हलतील पण कोसळणार नाहीत. अभियंता महोदयांनी पुढच्या वेळी हे चुकवू नये. रात्री दिवे लावतात, तेव्हाही प्रवेश मिळतो.